लुडविकात बस्तान बसवताना: आधी टपालपेटी, मग बाकीचं

स्वीडनच्या दालार्ना भागातलं लुडविका हे छोटं गाव. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यामुळे इथे भारतीय इंजिनिअर बरेच, त्यांत आमच्यासारखी मराठी कुटुंबंही. इथल्या सरकारी सोयींचं कौतुक सगळेच करतात. त्या कोणत्या क्रमाने पदरात पडतात हे मात्र कुणी सांगत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

पहिलं काम टपालपेटीवर नाव लावायचं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. पेटीवर नाव नसलं की पत्र परत जातं, आणि महत्त्वाचं सगळं पत्रानेच येतं. पुढच्या अर्जात चार आकडी फ्लॅट नंबर लागतो: 1102 म्हणजे प्रवेशाच्या मजल्याच्या लगेच वरचा मजला, डावीकडून दुसरं दार.

मग पर्सूननुम्मर, म्हणजे प्रत्येकाचा सरकारी ओळख क्रमांक. तो कर खातं, म्हणजे स्कात्तेवेर्केत देतं. निदान वर्षभर राहणार असाल तरच. पोरांसकट सगळ्यांनी जायचं. पासपोर्ट, निवास परवान्याची कार्डं, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचे दाखले. दाखल्यांवर अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी खरेपणाचा शिक्का) भारतातूनच करून आणा. नंतर करायचं तर मूळ कागद कुणाच्या तरी हाती परत पाठवणं आलं. नंबर आला की 400 क्रोनरचं ओळखपत्र, त्यावर बँकेत खातं, खात्यावर बँकआयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवायचं अ‍ॅप. तो फोनवर येईपर्यंत पावलोपावली अडतं.

मुलांचा भत्ता फोर्शेक्रिंग्सकासान, म्हणजे सामाजिक विमा खातं, देतं, पण बाहेरून आलेल्यांना अर्ज करावा लागतो. महिना 1250 क्रोनर, आणि सहसा आईबापांत निम्मे निम्मे, म्हणून नोकरी नसली तरी आईचं खातं हवंच.

बालवाडीचा (फोर्स्कूला) अर्ज नगरपालिकेकडे लगेच टाका. मागणीपासून चार महिन्यांत जागा देणं कायद्याने बंधनकारक आहे. फी पहिल्या मुलाला घरच्या उत्पन्नाच्या 3 टक्के, तीही ठरावीक कमाल रकमेपर्यंत. उत्पन्न कळवलं नाही तर कमाल फीचं बिल येतं. एक पालक घरी असेल तर साधारण आठवड्याला 15 तासच मिळतात. सुरुवातीचे काही दिवस पालकानेही वर्गात बसायचं असतं, तेव्हा नोकरीत आधी सांगून ठेवा. पावसाळी पँट, बूट, लोकरी मोजे, हातमोज्यांच्या दोन जोड्या, सगळ्यावर नाव. पोरं पावसातही बाहेरच खेळतात. ओले कपडे वाळवायला तिथे गरम हवेचं कपाट असतं, आणि बिननावाचा हातमोजा त्यात कायमचा हरवतो. उलटी झालेलं मूल साधारण 48 तास घरीच ठेवायला सांगतात. त्या दिवसांचा पगाराच्या जवळपास 80 टक्के भत्ता मिळतो. आठव्या दिवसापासून डॉक्टरचा दाखला लागतो.

आता माणसांचं. शेजारी आपण होऊन दार वाजवणार नाहीत. त्यात तुसडेपणा नसतो, पण पहिल्या हिवाळ्यात ते जड जातं. इथली ओळखपाळख मंडळांतून होते: गायन, स्की, बागकाम. ग्रंथालयातल्या भाषा-गप्पांना नाव नोंदवावं लागत नाही, पालकांनी लहान मुलांना घेऊन जायच्या खुल्या बालवाडीलाही नाही. सगळ्यात सोपं म्हणजे सोसायटीचा वसंतातला सफाईचा दिवस. सूचना जिन्यात लागते. दाताळं घेऊन खाली उतरायचं, पालापाचोळा ओढायचा. दुपारी सॉसेज भाजतात. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा, वेगळं आणून ठेवतात.