होटगी रस्त्यावरून गोव्याला, व्हाया एक इंजिन

सोलापूरहून गोव्याला जायचं म्हणजे रात्रभर बसमध्ये मान अवघडून घ्यायची, नाही तर गाड्या बदलत रेल्वेनं जायचं. 9 जून 2025 ला थेट विमान सुरू झालं आणि काकूंनी तेव्हापासून टुमणं लावलं. काकांचा मात्र या विमानावर राग. ते सिद्धेश्वर साखर कारखान्याचे सभासद. कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंच चिमणी विमानांना अडथळा ठरते म्हणून 15 जून 2023 रोजी पाडली, तो दिवस ते घरातलं कुणी गेल्यासारखा सांगतात. तरी आले. तिकिटं परत होत नाहीत म्हटल्यावर करणार काय.

होटगी रोडचं विमानतळ आटोपशीर आहे, उगाच चालायला लावत नाही. तपासणीत शेंगा चटणीचा डबा उघडायला लावला. चटणी कोरडी होती म्हणून सुटली. तेलातली असती तर तिथेच राहिली असती, तेव्हा सोलापूरकरांनो, जपून.

विमान एटीआर 72. पंख वरच्या अंगाला, दोन बाजूंना दोन प्रोपेलर, आणि चढायचं मागच्या दारानं. काकांना उजवीकडची खिडकी मिळाली, मधे मी, आणि बोळाच्या पलीकडे काकूंशेजारी एक गृहस्थ. बसल्या बसल्या काकांनी माझ्या दंडाला धरलं. “काय बे हे? इंजिन घरघरतंय अन् पंखा बंद!”

पाहिलं तर खरंच. आवाज येतोय, पंखा जागच्या जागी.

पलीकडचे गृहस्थ हसले. मूळचे अक्कलकोटचे, हयात विमानांच्या देखभालीत गेलेली. म्हणाले, “काका, मुद्दाम थांबवलाय. त्याला ब्रेक आहे. विमान उभं असताना त्या इंजिनावर वीज आणि एसी चालतो. निघताना सोडतील.” आणि सोडलाच. सहा पाती फिरता फिरता दिसेनाशी झाली.

काकांचं एवढ्यावर समाधान होतंय थोडंच. “अन् वर गेल्यावर खरंच बंद पडलं तर?”

विमानात बसून हा प्रश्न मोठ्यानं विचारायचा नसतो. पुढच्या रांगेतली बाई वळून बघायला लागली. पण त्या गृहस्थांना हा विषय हवाच होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

धावपट्टीवर धावताना एक वेग ठरलेला असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. दर उड्डाणाला तो वजन, तापमान, वारा बघून आधीच काढून ठेवलेला असतो. त्याच्या आत इंजिन गेलं तर ब्रेक मारायचे. त्याच्या पुढे गेलं तर थांबायला पट्टी पुरेल याची खात्री नसते, म्हणून उरलेल्या एका इंजिनावर उडायचंच. विमानाचं नाक बंद इंजिनाच्या बाजूला ओढलं जातं. वैमानिक पायानं रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून ते सरळ धरतो. एटीआरमध्ये दुसऱ्या इंजिनाची ताकद आपोआप वाढते आणि बंद पडलेल्या प्रोपेलरची पाती वाऱ्याला कड देऊन वळतात. ती तशी वळली नाहीत तर तोच पंखा विमानाला मागे खेचतो.

“मग लगेच ते इंजिन बंद करायचं?” मी विचारलं.

“तिथंच तर माणसं चुकतात. चाकं आत घ्यायची, वेग सांभाळायचा आणि निदान 400 फूट वर जाईपर्यंत बाकी कशाला हात लावायचा नाही. विमानतळाला कळवणंसुद्धा नंतर. मग दोघांनी मिळून कुठलं इंजिन गेलंय ते बघायचं. एकानं त्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवायचा, दुसऱ्यानं हो म्हणायचं, मगच ओढायचा.”

त्यांनी आवाज खाली आणून तैवानची गोष्ट सांगितली. 4 फेब्रुवारी 2015. ट्रान्सएशियाचं एटीआर 72 तैपेईहून उडालं आणि एका सदोष जोडणीमुळे उजव्या प्रोपेलरची पाती आपोआप वळली. डावं इंजिन ठणठणीत होतं. वैमानिकानं घाईत त्याचाच दांडा मागे ओढला आणि तेच बंद केलं. 58 पैकी 43 जण गेले. 1989 साली इंग्लंडमध्ये केगवर्थलाही असंच चांगलं इंजिन बंद केलं गेलं होतं, विमान बिनपंख्याचं जेट असून. म्हणून दर सहा महिन्यांनी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवून इंजिनं बंद पाडून दाखवतात. मला वाटायचं की अशा वेळी कौशल्य म्हणजे चपळाई.

तेवढ्यात आमचं विमान सुटलं. जमीन सुटेपर्यंत कुणी बोललं नाही. काकूंनी सिद्धरामेश्वरांना हात जोडले, काकांनी खिडकीला नाक लावलं. चाकं आत गेल्याचा धप्प आवाज झाला तसे ते म्हणाले, “आता 400 फूट.” पुढची बाई पुन्हा वळली.

खाली उसाचे हिरवे तुकडे आणि मधे मधे करडं माळरान. वर आल्यावर काकांनी मनातलं काढलं. “दोन इंजिनांवर हे एवढं भरभर चढतंय. मग चिमणी कशाला नडत होती?”

गृहस्थांनी खिशातून पेन काढलं. हिशेब दोन इंजिनांचा नसतो, एकाचा असतो. दोन इंजिनांच्या विमानानं एकावर, चाकं आत घेतल्यावर, किमान 2.4 टक्के चढलंच पाहिजे असा नियम. म्हणजे हजार मीटर पुढे गेल्यावर 24 मीटर वर. अडथळे मोजताना त्यातूनही 0.8 टक्के सुरक्षिततेसाठी वजा. उरले 16. आणि वाटेतला अडथळा 35 फुटांनी ओलांडायचा. विमान हलकं असेल तर याहून बरंच चांगलं चढतं, अडथळ्याच्या बाजूनं वळण ठरवून देता येतं. पण वजन कमी करायचं म्हणजे प्रवासी कमी घ्यायचे. त्यात सोलापूरचा उन्हाळा! 42 अंशांत हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, पंखांचाही.

काकांनी कारखान्याच्या काट्यावर आयुष्य काढलंय, आकडे त्यांना सांगावे लागत नाहीत. “हजाराला सोळा. नव्वदीला साडेपाच किलोमीटरच्या वर.” जरा थांबले. “कारखाना तर किती अलीकडं आहे.”

“उतरताना कुठून किती खाली यायचं, त्याचेही नियम आहेत. नुसत्या इंजिनाचंच नाही ते,” गृहस्थ म्हणाले. मला हे आवडलं. ऐकणारा पटल्यासारखा दिसला की आपण बहुतेक जण तिथेच थांबतो.

घाट ढगांत होता, काहीच दिसलं नाही. मोपाला उतरलो. हे विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला आहे. दक्षिणेत राहायची जागा घेतली असेल तर टॅक्सीच्या भाड्याची तयारी ठेवा. पणजीची बस मिळते, आम्ही तीच धरली.

बॅगा यायची वाट बघताना काका त्या गृहस्थांजवळ जाऊन उभे राहिले.

“साहेब, हिशेब पटला. पण हाच कागद चिमणी बांधायच्या आधी कुणी का न्हाई मांडला?”

ते काही बोलले नाहीत. काकूंची बॅग आली, काकांनी ती उचलली आणि चटणीचा डबा काढून अर्धी त्यांना बांधून दिली.