अभ्यासिकेची खुर्ची करताना

आर्किटेक्टला आयुष्यात एकदा तरी खुर्ची करायचा मोह होतोच. कॉलेजात पुठ्ठ्याची खुर्ची करायला लावतात, सर तिच्यावर स्वतः बसून बघतात, तेव्हाच हा किडा डोक्यात शिरतो. पुढे इतिहासाच्या तासाला कळतं की भल्याभल्या आर्किटेक्टांना तो चावला होता. ब्रॉयरची 1925 सालची, सायकलच्या हँडलवरून सुचलेली स्टीलच्या नळ्यांची खुर्ची, मीस व्हान डेर रोहची 1929 सालची बार्सिलोना (तिच्यात त्याची सहकारी लिली राइश हिचा हात होता, हे आम्हाला वर्गात कुणी सांगितलं नाही), जिओ पोंतीची 1957 सालची पावणेदोन किलोपेक्षाही हलकी सुपरलेजेरा. खुर्ची फार अवघड, त्यामानाने उंच इमारत सोपी, अशा अर्थाचं मीसचं म्हणणं आम्ही परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

माझ्या वाट्याला आलेली खुर्ची यांच्यातल्या कुणाच्याच शेजारी शोभणारी नव्हती. सदाशिव पेठेत एका काकूंची अभ्यासिका आहे. एमपीएससी-यूपीएससीची मुलं-मुली सकाळी येतात ती रात्री कुलूप लागेपर्यंत बसतात. वरचा मजला वाढवायचा होता, त्याचं काम माझ्याकडे होतं: कप्प्याकप्प्यांची टेबलं, दिवे, पंखे, चार्जिंगचे पॉइंट. नकाशा संपत आला तेव्हा काकू म्हणाल्या, "टेबलांचं झालं गं सगळं. खुर्च्यांचं काय?" कॅटलॉगमधून घेऊ, असं म्हणणं सोपं होतं. पण खालच्या मजल्यावर नजर टाकली आणि राहवेना.

खाली प्लॅस्टिकच्याच खुर्च्या होत्या. या खुर्चीला नावं ठेवायची आपल्या धंद्यात पद्धत आहे. मला ती पटत नाही. आंरी मासोने या फ्रेंच माणसाने 1972 साली तिचं एकसंध, साच्यातून दोन मिनिटांच्या आत बाहेर पडणारं रूप बाजारात आणलं, आणि त्या किमतीत, त्या वजनात, एकावर एक रचता येईल अशी दुसरी खुर्ची अजून कुणाला जमलेली नाही. फक्त ती लग्नाच्या पंगतीसाठी ठीक, दिवसाचे दहा-बारा तास बसण्यासाठी नाही. मुलांनी तिच्यावर काय काय उपाय केले होते ते बघण्यासारखं होतं. घडी केलेला टॉवेल, घरून आणलेली उशी, पाठीमागे अडकवलेली सॅक. बुटक्या मुलींच्या पायांखाली जुन्या प्रश्नसंचांचे गठ्ठे. आणि निम्म्याहून जास्त मुलं एक पाय दुमडून, अर्धी मांडी घालून बसलेली. खुर्चीचे हात त्यांच्या गुडघ्यांना टोचत होते, तरीही.

ही मांडी माझ्या डोक्यात बसली. कॉलेजात असताना आल्टो या फिनिश आर्किटेक्टच्या पायमिओ खुर्चीबद्दल शिकलो होतो, पण तिचा अर्थ मला इथे लागला. 1930च्या सुमारास फिनलंडमधल्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियमसाठी त्याने वाकवलेल्या प्लायवूडची खुर्ची केली, आणि तिच्या पाठीचा कोन रोग्याला श्वास घ्यायला सोपं जावं म्हणून ठरवला. म्हणजे त्याने आधी बसणारा माणूस बघितला, मग खुर्ची. माझा बसणारा माणूस माझ्यासमोर होता आणि तो खुर्चीत मांडी घालत होता.

पुढचे काही आठवडे ऑफिसातून निघाल्यावर मी अभ्यासिकेत एक कप्पा धरून बसायला लागले. पुस्तक घेऊन. दोन तासांनी काय होतं ते नकाशावर कळत नाही. बैठकीची पुढची कड गुडघ्यामागे दाबली की पायाला मुंग्या येतात. लिहिताना माणूस पुढे झुकतो, वाचताना मागे रेलतो, पाठांतर करताना पुढचे दोन पाय उचलून झोके घेतो. मान्डल नावाच्या डॅनिश डॉक्टरने शाळकरी मुलांसाठी बैठक पुढे उतरती हवी असा आग्रह धरला होता. लिहिण्यासाठी ते अगदी बरोबर. पण उतरत्या बैठकीवर मांडी घाला, घसरून खाली याल.

मापांसाठी एनआयडीने (अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था) 1997 साली काढलेलं देबकुमार चक्रवर्तींचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक हाताशी होतंच. परदेशी कॅटलॉगमधली अठरा इंचांची बैठक आपल्या बऱ्याच मुलींना उंच का पडते ते त्यातल्या तक्त्यांवरून लगेच दिसतं. पण तक्त्यांत अर्धी मांडी नाही. म्हणून भंगारातल्या प्लायची एक जोडतोड खुर्ची केली. बैठक वरखाली होईल, पाठ कलती करता येईल, सगळं नटबोल्टवर. ती एका कप्प्यात ठेवली आणि शेजारी वही. जो बसेल त्याने जाताना लिहायचं.

वहीत पहिल्या दिवशी कुणीतरी "खुर्चीपेक्षा पंखा बदला" असं लिहून ठेवलं. नंतर मात्र कामाचं यायला लागलं. पाठ 105 अंशांवर ठेवली होती, पुस्तकात तेवढीच आरामाची म्हणून सांगतात. एका मुलीने लिहिलं: "पाठ अजिबात दुखत नाही. पण दुपारी झोप येते." चार जणांनी खाली सह्या केल्या. पुण्यात दुपारी झोप येणं हा खुर्चीचा दोष मानावा का, यावर ऑफिसात बरीच चर्चा झाली. शेवटी पाठ शंभरावर आणली. बैठक साडेसोळा इंचांवर थांबली, रुंदी पावणेवीस. पूर्ण मांडी त्यात मावत नाही, तिला सव्वीस-सत्तावीस इंच लागतात आणि कप्पाच अडीच फुटांचा. पण एक पाय दुमडून निवांत बसता येतं. हात काढून टाकले.

उरला बुटक्या मुलींच्या पायांचा प्रश्न. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांत आडवी पट्टी घालून बघितली. पाय टेकायला छान, पण मग पाय मागे ओढून घेता येत नाहीत, आणि ते मागे घेतल्याशिवाय माणसाला उठता येत नाही. स्वतः उठून बघा. पट्टी मधोमध, मागे सरकवली आणि पाय टेकायची फळी टेबलाला लावली, दोन उंचींवर बसेल अशी. इथे मला आर्किटेक्ट असण्याचा खरा फायदा झाला. फर्निचर करणाऱ्याला कुणी नुसती खुर्ची सांगितली असती तर त्याने सगळी उत्तरं खुर्चीतच शोधली असती. माझ्या हातात टेबल होतं, फरशी होती, दिवा कुठून येतो तेही होतं. खुर्चीची निम्मी अडचण टेबलात सुटली. टेबलाची फळीही इंचभर खाली घेतली, काकूंना पत्ता न लागू देता. आता त्या हे वाचतील.

लाकूड ठरवताना खूप खल झाला. नवा बल्लारशा साग परवडणारा नव्हता. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पाडलेल्या वाड्यांचं लाकूड मिळतं: वासे, तुळया, दारांच्या चौकटी. नव्या सागापेक्षा स्वस्त, आणि इतकी वर्षं वाळलेलं की वाकायचं-फुटायचं ते कधीच होऊन गेलेलं. फक्त आत खिळे असतात. करवतीचं पातं एकदा खिळ्यावर गेलं की करवतवाला तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. म्हणून मिस्त्री आधी लोहचुंबक फिरवायचे, मग हात.

मिस्त्री म्हणजे भोरकडचे, साठीच्या पुढचे. माझा नकाशा मिलिमीटरमध्ये, त्यांचं डोकं इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). "बारा मिलिमीटरचा उतार म्हणजे चार सूत म्हणा की मॅडम," असं म्हणून त्यांनी नकाशावर पेन्सिलीने सगळी मापं नव्याने घातली, आणि गंमत म्हणजे ती जास्त सुटसुटीत झाली. मागचे पाय मी छान वळणदार काढले होते. ते बराच वेळ बघत राहिले. मग एक वासा उचलून माझ्यासमोर धरला आणि रेषा दाखवल्या. वळण कापलं की लाकडाच्या उभ्या रेषा मध्येच तुटतात, आणि पोरगं मागे झोके घ्यायला लागलं की पाय तिथूनच जातो. "खुर्ची पुढून नाही मोडत. मागून मोडते." शेवटी खालचा भाग सरळ ठेवला आणि बैठकीच्या वर जेमतेम कल दिला, वाशाच्या रुंदीत दोन पाय एकमेकांच्या कुशीत बसतील एवढाच, म्हणजे लाकूडही वाया जात नाही. बाजूची पट्टी मागच्या पायाला जिथे मिळते तो सांधा सगळ्यांत जास्त मार खातो. तिथे खाच खोल घेतली, पट्टीची उंची वाढवली, आणि मिस्त्रींनी आरपार बांबूची मेख ठोकली. ती मेख मी नकाशात दाखवली नव्हती. आता दाखवते.

बैठकीला वेत घ्यायचा माझा हट्ट होता. चंदीगडला पिएर जानरे या स्विस आर्किटेक्टने सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या केल्या. भंगारात निघालेल्या त्याच खुर्च्या पुढे परदेशातल्या लिलावांत लाखांना विकल्या गेल्या, हे कुठल्याही आर्किटेक्टला ठाऊक असतं. उन्हाळ्यात वेत थंड, हवा खेळती. पण वेतावर दुमडलेला पाय ठेवून रोज कुणी बसलं तर टाच आणि घोटा जिथे टेकतो तिथे विण तुटते. नुसत्या फळीवर उलटं, घोटा दुखतो. मग नवार सुचली, आजीच्या खाटेची. काकूंनी ऐकून घेतलं आणि एका शब्दात निकाल लावला: "ढेकूण."

पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही हा मुद्दा खोडता येणार नाही. सुती नवारीच्या घड्या आणि लाकडाच्या फटी ही त्या प्राण्याची हक्काची जागा. तडजोड निघाली ती जुन्या फोल्डिंग खुर्च्यांना असायच्या तशा प्लॅस्टिकच्या विणलेल्या पट्टीची. ती पुसता येते, सैल पडली तर ताणता येते, आणि एखादी तुटली तर तेवढीच बदलता येते. पुढची पट्टी गोल तासून थोडी खाली घेतली, म्हणजे गुडघ्यामागे कड लागत नाही. सांधे फेविकॉलने आणि पॉलिशने पार बुजवून घेतले. पाठीला मात्र वेत ठेवला. तो हट्ट मी सोडला नाही आणि तिथे घोटा पोचत नाही.

पायांना रबरी बूट घालायचं सगळ्यांत शेवटी ठरलं, आणि मुलांच्या मते तीच सगळ्यांत मोठी सुधारणा. शांत खोलीत एक खुर्ची फरशीवर खरडली की चाळीस माना वर होतात. साधे बूट महिन्याभरात फाटतात. पायात भोक पाडून आत रोवायचे जाड मिळाले, ते बोहरी आळीत.

पहिला नमुना काकूंनी उचलून बघितला, बसून बघितला, उलटा करून बघितला, आणि किंमत विचारली. सांगितल्यावर म्हणाल्या, "एवढ्यात माझ्या प्लॅस्टिकच्या पाच येतील." खरं होतं. मी हिशोब मांडायला लागले: प्लॅस्टिकच्या किती वर्षाला मोडतात, ही किती वर्षं चालेल. त्यांनी थांबवलं. "तो हिशोब माझा मला येतो. आधी वरच्या मजल्यापुरत्या कर."

वरच्या मजल्यापुरत्या झाल्या. आता सकाळी सातला दार उघडतं तेव्हा जिन्यात पळापळ होते, आणि वरच्या मजल्याची फी वेगळी लावावी का असा विचार काकूंच्या मनात घोळतोय. मी त्यात पडलेले नाही.

तक्रार आली ती ज्यांना मी वहीत लिहायला सांगितलंच नव्हतं त्या झाडलोट करणाऱ्या मावशींकडून. त्या रोज रात्री सगळ्या खुर्च्या उचलून टेबलावर उलट्या ठेवतात आणि फरशी पुसतात. प्लॅस्टिकची एका हाताने जायची. हिला दोन हात लागतात, आणि पाठीची वरची पट्टी इतकी रुंद की बोटांत नीट धरता येत नाही. "दिसायला चांगली हाय ताई, पण मनगट जातंय." त्यांना खुर्चीवर बसायचंच नव्हतं, पण दिवसातून सगळ्यांत जास्त खुर्च्या त्यांच्याच हातातून जातात. खालच्या मजल्याची तुकडी निघेल तेव्हा वरची पट्टी मधोमध दोन सूत बारीक करून आतून खोलगट करायची, बाजूच्या पट्ट्यांची जाडी जिथे सांधा नाही तिथे उतरवायची, असं मिस्त्रींशी बोलणं झालंय. वजन मिस्त्रींनी तराजूवर घालून दाखवलं: पाच किलोला थोडं कमी. पोंतीच्या पावणेदोन किलोंची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी विचारलं, तिच्यावर मांडी घालतात का.

मावशींनी नवीन नमुना आधी उचलून बघायचा, मगच बाकीच्या खुर्च्यांना हात लावायचा, एवढं ठरलंय. टिंबर मार्केटमधल्या माणसाने नारायण पेठेतला एक वाडा उतरतोय असं कळवलंय. वासे चार इंची निघाले तर दिवाळीनंतर काम सुरू करू.