तुम्ही विचारलंत म्हणून: मी कोवाल्स्की कशी झाले

नाही, आमचे हे रशियन नाहीत. पोलिशही नाहीत. नवरा जर्मन आहे. जर्मनीतल्या कोळसाखाणींच्या रुर भागातल्या हेर्न गावी जन्मला, तिथंच वाढला. पोलिश त्याला चार-दोन शब्दांपलीकडे येत नाही आणि त्यातलेही निम्मे शब्द चारचौघांत बोलण्यासारखे नाहीत. तरी आडनाव कोवाल्स्की. लग्नानंतर मी ते घेतलं आणि तेव्हापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही. कुरिअरवाला फोनवर 'कोवळेस्की मॅडम' म्हणतो ते सोडा, पण पंगतीत शेजारी बसलेल्या मावशी, बँकेतले साहेब, मुलांचे शिक्षक, सगळ्यांना हे आडनाव आलं कुठून ते हवं असतं. कोल्हापुरातली जाणती मंडळी तर थेट विचारतात, "वळिवड्याच्या कॅम्पातले का तुमचे सासरचे?"

शंका रास्त आहे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेनं 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरिया-कझाकस्तानकडे हाकलून दिलेली ही कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. युद्ध संपलं तोवर त्यांची गावं सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती. मग कॅम्प उठला तेव्हा बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. त्यांची आडनावं आज त्या देशांत सापडतात ती या वाटेनं. आमच्या कोवाल्स्कींची वाट निराळी. ते त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी निघाले, पश्चिमेकडच्या पोझ्नान प्रांतातून, आणि त्यांना कुणी हाकललं नव्हतं. खाणीत रोजगार होता म्हणून गेले.

आता नावाबद्दल. 'कोवाल' म्हणजे लोहार, आणि 'स्की' हे आपल्या 'कर'सारखं. कोवाल, कोवाले, कोवालेवो अशा नावांची गावं पोलंडभर आहेत. कोवाल नावाच्या एका गावी तर 1310 साली राजा काझिमिएझ जन्मला, ज्याला पोलिश लोक 'थोर' म्हणतात. सुरुवातीला स्की लावत ते गावाचे मालक असलेले सरदार. नावाला वजन आलं, तसं ते शहरातल्या व्यापाऱ्यांनी उचललं, मग शेतकऱ्यांनी, आणि नुसत्या लोहारांनीही. त्यामुळे आज कोवाल्स्की म्हटलं की पूर्वज जमीनदार होता, त्या गावचा रहिवासी होता की भात्यापाशी घाम गाळणारा होता, काही सांगता येत नाही. शेकडो ठिकाणी हे नाव आपापलं तयार झालं. पोलंडमध्ये आज सव्वा लाखाहून अधिक माणसं ते लावतात. त्याहून मोठं आडनाव नोवाक, ते दोन लाखांच्या घरात. तिथं सरकारी नमुना अर्जावर 'यान कोवाल्स्की' असतो, आणि बातम्यांत सामान्य माणसाला महागाई कशी भोवते ते सांगायचं तर 'कोवाल्स्कीच्या खिशाला कात्री' असं म्हणतात. म्हणून 'पोलंडमध्ये तुमचे नातेवाईक शोधले का' असं विचारणाऱ्यांना मी हात जोडते.

माझं कुतूहल अर्थाबद्दल फार नाही. अर्थ एका ओळीत संपतो. परदेशात गेल्यावर हे नाव कुठं बदललं, कुठं बदललं नाही आणि का, त्यात खरी गंमत आहे. त्यातून घराणं केव्हा निघालं आणि कुठल्या वाटेनं गेलं तेही कळतं.

रुरचं सांगते, कारण तिथं मी रोज बघते. 1772, 1793 आणि 1795 अशा तीन हप्त्यांत प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंड वाटून घेतला. 1918 पर्यंत पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. पोझ्नानचा माणूस कागदोपत्री प्रशियाचाच प्रजाजन. म्हणजे हेर्नला जायला त्याला पासपोर्ट लागत नव्हता, रेल्वेचं तिकीट पुरे. 1870 नंतर रुरमध्ये कोळशाच्या खाणी एकामागून एक उघडत होत्या, हात कमी पडत होते. कंपन्यांचे मुकादम पूर्वेकडच्या खेड्यांत जाऊन घर, परसबाग, डुक्कर पाळायची सोय आणि रोकडा पगार, अशी आमिषं दाखवत. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा रुरमध्ये पोलिश बोलणारे तीन ते पाच लाख असावेत असा अंदाज सांगतात. आकडा असा ढिला, कारण पूर्व प्रशियातल्या मसुरियाच्या लोकांना त्यात धरायचं की नाही यावर एकमत नाही. ते बोलत पोलिशचीच एक बोली, पण धर्मानं प्रोटेस्टंट, आणि स्वतःला प्रशियन म्हणवत. पोझ्नानचे कॅथलिक. दोघांची आडनावं सारखी, पण चर्च वेगळं, आणि अनेक वर्षं सोयरीकही नाही.

या कॅथलिकांनी मात्र हेर्न-बोखुममध्ये अख्खा संसार थाटला. 1890 पासून बोखुममध्ये 'व्हिआरुस पोल्स्की' नावाचं पोलिश वर्तमानपत्र निघत होतं, 1902 मध्ये कामगार संघटना झाली, भजनी मंडळं, पतपेढ्या, व्यायामशाळा सगळं होतं. सरकारला ते खुपत होतं. 1899 मध्ये खाणीत काम करायचं तर जर्मन समजलंच पाहिजे, असा सुरक्षेच्या नावाखाली नियम आला. त्याच वर्षी हेर्नमध्ये पोलिश पोरांनी विम्याच्या वाढीव वर्गणीवरून संप केला, तो मोडायला सैन्य आणलं. 1908 च्या कायद्यानं जाहीर सभेत जर्मनच बोलावं अशी सक्ती केली, जिथं पोलिश वस्ती मोठी तिथं तेवढी सूट.

नवऱ्याच्या पणजोबांच्या लग्नाच्या दाखल्याची नक्कल आमच्याकडे आहे. जुन्या जर्मन वळणाचं अक्षर, पहिल्यांदा बघताना भुईवर पसरलेल्या सुतासारखं दिसतं. व्यवसायाच्या रकान्यात खाणकामगार. नवरदेवाचं आडनाव कारकुनानं शेवटी 'वाय' घालून लिहिलंय आणि खाली सही करताना पणजोबांनी 'आय' घातलाय. एकाच कागदावर दोन कोवाल्स्की. आणि पणजींच्या माहेरच्या आडनावाच्या शेवटीही 'स्की'च. पोलिशमध्ये बाईचं 'स्का' होतं. बाप नोवित्स्की तर लेक नोवित्स्का. पण जर्मन नोंदवहीत बापाचं तेच लेकीचं आणि नवऱ्याचं तेच बायकोचं, असा खाक्या. त्या दिवसापासून आमच्या घरात एकही स्का झाली नाही.

1918 नंतर घराघरांत प्रश्न उभा राहिला की आता काय. पोलंड परत आला होता. काही तिकडे गेले. बरेच जण गेले फ्रान्सला. 1919 मध्ये फ्रान्सनं पोलंडशी कामगार आणण्याचा करार केला होता, आणि उत्तरेतल्या लान्सच्या आसपासच्या खाणींना अनुभवी माणसं हवी होती. रुरमध्ये खाणकाम शिकून गेलेल्यांना तिथले पोलिश 'वेस्टफालीवाले' म्हणत, कारण हेर्न-बोखुम वेस्टफालिया प्रांतात येत. फ्रान्समध्ये पुढं काय झालं त्याचा सगळ्यांत ठळक नमुना म्हणजे फुटबॉलपटू रेमाँ कोपा. जन्म 1931, खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही पोरवयात खाणीत उतरलेला, 1958 चा बालॉन द'ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकणारा. खरं आडनाव कोपाशेव्स्की. शेपटी गळाली, कोपा उरला.

जे रुरमध्ये राहिले त्यांतल्या पुष्कळांनी नावं बदलून घेतली, विशेषतः नाझी काळात. कोवाल्स्कीचे श्मिट झाले (जर्मनमध्ये तेही लोहारच), कुणी नुसताच स्की छाटला. 1940 पासून पोलंडहून वेठीला आणलेल्या मजुरांना कपड्यावर 'पी' अक्षर शिवावं लागे. त्या दिवसांत दारावर कोवाल्स्कीची पाटी ठेवणं काय असेल, ते सासूबाईंच्या घरात कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. आणि गंमत बघा, त्याच काळात 1934 ते 1942 मध्ये जर्मनीचं फुटबॉल विजेतेपद सहा वेळा जिंकलं ते गेल्सेनकिर्शनच्या शाल्क क्लबनं. खेळाडू कोण? कुझोरा, शेपान, तिबुल्स्की, कालवित्स्की. बरीचशी मसुरियाची घराणी. ही नावं बदलायला कुणी लावली नाहीत!

आता आमच्या इमारतीच्या दारावरची घंट्यांची पाटी. जर्मनीत घंटीवर बहुधा फक्त आडनाव असतं, त्यामुळे दुसऱ्याची वाट बघत उभं राहिलं की वाचण्यापलीकडे काम नसतं. तळमजल्यावर शिमान्स्की, जर्मन पद्धतीनं 'एस-सी-एच' घालून. पोलिशमध्ये तिथं 'एस-झेड' असतं. म्हणजे या घराण्याचं नाव जर्मन कारकुनानं कानानं ऐकून लिहिलं, शंभर वर्षं तरी झाली. दुसऱ्या मजल्यावर एक कामिन्स्का. हिचं नाव पोलंडच्या कागदपत्रांवरून जसंच्या तसं इथं आलं. 1980 च्या दशकात दक्षिण पोलंडमधल्या सायलेशियातून जर्मन वंशाचे म्हणून लाखो लोक आले, त्यांतल्या बायकांना कायद्यानं स्काचं स्की करून घ्यायची मुभा होती. काहींनी घेतली, काहींनी नाही. 2011 मध्ये पोलिश कामगारांना जर्मनीत मुक्त प्रवेश मिळाल्यावर जे आले, त्यांच्या बायका स्काच राहिल्या. तिसऱ्या मजल्यावर आमची पाटी. नुसतं एवढं वाचून कोण केव्हा आलं ते मी सांगते, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही. तळमजल्याचे शिमान्स्की आजोबा कामिन्स्काबाईंना 'ती पोलिश बाई' म्हणतात, ते ऐकून मला दर वेळी हसू येतं.

अमेरिकेबद्दलही विचारतात, कारण सिनेमात कोवाल्स्की तिकडचेच दिसतात. तिथला एक लाडका गैरसमज असा की न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथं बाहेरून येणाऱ्यांची तपासणी होई, तिथल्या अधिकाऱ्यांनी लोकांची नावं मोडली. ते अधिकारी जहाजाची यादी समोर ठेवून हजेरी घेत. यादी झालेली असे हाम्बुर्ग-ब्रेमेनसारख्या, निघालेल्या बंदरात. नावं बदलली ती पुढं, लोकांनी स्वतःहून, नोकरीसाठी किंवा शाळेत पोरांना चिडवतात म्हणून. कोवाल्स्की मात्र फारसं बदललं नाही, इंग्रजी जिभेला ते झेपतं. उच्चार तेवढा त्यांनी आपल्या सोयीचा केला, आणि बायकांचं स्का तिकडेही गळालंच. उलट एकानं ते मुद्दाम घेतलं. 'किलर कोवाल्स्की' या नावानं गाजलेला कुस्तीगीर 1926 मध्ये कॅनडातल्या विंडसरला जन्मला तेव्हा आडनावानं स्पुल्निक होता. आखाड्यात कोवाल्स्की भारदस्त वाटलं, आणि 1963 मध्ये त्यानं ते कायद्यानंच लावून घेतलं. ब्राझीलमध्ये कुरितिबाच्या बाजूला पोलिश शेतकरी वसले, तिथं पोर्तुगीज नोंदीत 'डब्ल्यू'चा 'व्ही' झालेले कोवाल्स्की भेटतात. उच्चार त्यांचाच मूळच्या जवळ राहिला, स्पेलिंग बदलूनही.

हल्ली प्रश्नाला नवीन पुरवणी आली आहे. 1 मे 2025 पासून जर्मनीत आडनावाचा नवा कायदा लागू झाला. नाव ज्या भाषेतून आलं तिच्या रिवाजाप्रमाणे बाईला आता त्याचं स्त्रीरूप लावता येतं. म्हणजे अर्ज करून मी कोवाल्स्का होऊ शकते. कोल्हापूरहून वहिनीनं फोनवर विचारलं, "मग घेणार का?" सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कशाला? आपण काय पोलिश आहोत?" त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव विशनेव्स्की.

मी अर्ज केला नाही. पोलिश मैत्रिणींना वाटतं, स्की लावणारी बाई म्हणजे व्याकरणाची चूक. मला ती चूक वाटत नाही. हेर्नच्या नोंदवहीत पणजींच्या नावापुढं जे लिहिलं गेलं ते माझ्यापर्यंत आलं आहे. स्का लावलं तर मी 2011 नंतर वॉर्सॉहून आले असं घंटी वाचणाऱ्याला वाटेल. ते खरं नाही. मी आले कोल्हापूरहून, आणि नाव आलं खाणीतून. ऑफिसातली वॉर्सॉची एकजण मात्र मला ईमेलमध्ये आजही कोवाल्स्का लिहिते. स्की लिहायला हात वळत नाही म्हणते. तिला लिहू दे. कुरिअरचं पार्सल तेवढं स्कीच्या नावानं पाठवा, इथला पोस्टमन ओळखपत्र बघितल्याशिवाय देत नाही.