पॅरोल आणि फर्लो : कैद्याच्या दोन रजा

एखादा नामांकित कैदी चार दिवस घरी आल्याची बातमी झळकली की फौजदारी वकिली करणाऱ्या माझ्यासारख्याला हमखास विचारले जाते, “पॅरोल आणि फर्लो एकच ना हो?” दोन्हींत कैदी बाहेर येतो आणि ठरल्या दिवशी त्याला परत हजर व्हावे लागते, त्यामुळे बातम्यांतही हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, कायद्याच्या लेखी मात्र या दोन निरनिराळ्या रजा आहेत.

फर्लो, म्हणजे संचित रजा, ही शिक्षेचा ठरावीक काळ भोगलेल्या आणि वर्तणूक चांगली असलेल्या कैद्यासाठी असते. घरच्यांशी नाते तुटू नये आणि बंदिवासाच्या एकसुरीपणातून थोडी सुटका मिळावी, एवढाच तिचा हेतू असल्याने अर्जात कारण दाखवावे लागत नाही. पॅरोलला, म्हणजे अभिवचन रजेला, मात्र कारण लागते : घरातला मृत्यू, जवळच्या माणसाचे गंभीर आजारपण अशी निकड कागदोपत्री दाखवावी लागते.

माझ्या मते खरा फरक कारणात नसून दिवसांच्या हिशेबात आहे. मुंबई राज्याने १९५९ साली केलेल्या नियमांनुसार फर्लोचे दिवस शिक्षेतच धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. आईच्या शस्त्रक्रियेसाठी कैदी ३० दिवस पॅरोलवर राहिला, तर त्याची सुटका ३० दिवसांनी लांबते. तेवढेच दिवस तो फर्लोवर राहिला आणि वेळेवर परतला, तर सुटकेची तारीख जागची हलत नाही. अर्ज करण्याच्या घाईत असलेल्या घरच्यांना हे बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.

कारण लागत नाही म्हणून फर्लो मागताक्षणी मिळते असेही नाही. गुजरातलाही लागू असलेल्या याच नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाल दिला आणि फर्लो हा कैद्याचा निरपवाद हक्क नसून सार्वजनिक हितासाठी ती नाकारता येते, असे स्पष्ट केले. प्रत्यक्षात अर्ज अडतो तो पोलीस ठाण्याच्या अहवालापाशी. ‘गावात शांतता भंग होण्याची शक्यता आहे’ हे ठरीव वाक्य, फिर्यादीच्या घरच्यांकडे साधी चौकशीही न करता लिहिलेले, मी अनेकदा वाचले आहे.

अमेरिकी चित्रपट पाहणाऱ्यांचा गोंधळ निराळा असतो. तिकडे पॅरोल मिळालेला माणूस सहसा उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेरच काढतो, आणि अटी मोडल्या तरच त्याला पुन्हा आत जावे लागते. लंडनमधल्या नातेवाइकांनी २०२० मध्ये ‘मी फर्लोवर आहे’ असे कळवले, त्याचा तर तुरुंगाशी काहीच संबंध नव्हता. टाळेबंदीत काम थांबलेल्या नोकरदारांच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भार तिथल्या सरकारने उचलला होता, ती ती योजना.

खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याला आपल्याकडे या दोन्ही रजा लागू नाहीत. त्याच्या घरच्यांनी जामिनासाठी न्यायालयातच अर्ज करावा.