एकत्र वाजवणाऱ्यांची नजर कुणाकडे असते?

सप्ताहातील भजन, शिवजयंतीच्या मिरवणुकीतील झांजपथक, यात्रेतील हलगी आणि वरातीपुढचा बेंजो ऐकत बेळगाव-खानापूर भागात वाढलेल्या माणसाला समूहवादनाचे अप्रूप नसते. तरीही नोकरीनिमित्त मँचेस्टरमध्ये राहू लागल्यापासून येथील वाद्यसमूह ऐकताना मी एक गोष्ट आवर्जून पाहतो, ती म्हणजे वाजवणाऱ्यांची नजर कुणाकडे असते. आपल्या भजनात बुवा चरण उचलतात, टाळकरी धृपद धरतात आणि लय कधी चढवायची हे बुवा व पखवाजवादक यांच्या नजरानजरेत ठरते. स्वर लिहिलेला कागद कुणापुढेही नसतो.

येथील मोठ्या वाद्यवृंदात मात्र बहुतेक गोष्टी आधी ठरलेल्या असतात. चार्ल्स हॅले यांनी १८५८ साली सुरू केलेला हॅले वाद्यवृंद ब्रिजवॉटर हॉलमध्ये वाजवतो, तेव्हा प्रथम ओबो या सनईच्या जातीच्या वाद्याचा वादक एक लांब स्वर देतो आणि सगळे आपापली वाद्ये त्याला मिळवून घेतात. आपल्याकडे गायकाच्या गळ्याप्रमाणे काळी एक की पांढरी चार हे ठरते आणि तबलजी हातोडी घेऊन त्या षड्जाला तबला लावतो. येथे स्वर कुणाच्या गळ्यासाठी बदलत नाही. व्हायोलिनवादकांचे गज एकाच दिशेने खालीवर होतात, तेही तालमीतच ठरवून कागदावर पेन्सिलने टिपलेले असते. समोर उभा असलेला संचालक (कंडक्टर) साधारणपणे उजव्या हाताने ताल दाखवतो आणि डाव्या हाताने कुणाला हळू, कुणाला मोठ्याने हे सांगतो.

मला त्याहून चौघांचे वादन अधिक भावते. दोन व्हायोलिने, त्याहून थोडा मोठा व्हायोला आणि बसून गुडघ्यांत धरायचा मोठा चेलो, असे चौघे अर्धवर्तुळात बसतात आणि संचालक कुणीच नसतो. पुढच्या रांगेत बसलो की पहिला व्हायोलिनवादक गज उचलताना नाकाने घेतलेला श्वास चक्क ऐकू येतो, आणि त्या श्वासावरच उरलेले तिघे सुरुवात करतात.

उत्तर इंग्लंडच्या या भागाची खरी ओळख मात्र ब्रास बँड ही आहे. एकोणिसाव्या शतकात खाणी व गिरण्यांच्या कामगारांतून हे बँड उभे राहिले. यॉर्कशायरमधील क्वीन्सबरीच्या गिरणीचा १८५५ सालचा ब्लॅक डाइक बँड आजही वाजतो. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये गाण्याची चाल क्लॅरिनेटवर चालते, येथे क्लॅरिनेटला जागाच नाही: छोट्या कॉर्नेटपासून अवजड ट्यूबापर्यंत पितळी वाद्ये वाजवणारे पंचवीसजण आणि सोबत तालवाद्ये. बास ट्रॉम्बोन सोडला तर सर्वांची स्वरलिपी एकाच पद्धतीने लिहिलेली असते, त्यामुळे कॉर्नेटवर शिकलेला मुलगा पुढे त्याहून मोठे युफोनियम हाती घेतो तेव्हा त्याला वाचन नव्याने शिकावे लागत नाही. वाजवणारे बहुतेक हौशी, दिवसा आपापल्या नोकरीधंद्यात असणारे लोक आहेत.

ईस्टरनंतर जवळजवळ आठ आठवड्यांनी येणाऱ्या व्हिट फ्रायडे या शुक्रवारच्या संध्याकाळी मँचेस्टरच्या पूर्वेकडील सॅडलवर्थ आणि टेमसाइडच्या गावांमध्ये या ब्रास बँडच्या स्पर्धा होतात. बँड बसमधून उतरतो, रस्त्याने एक मार्च वाजवत चालत येतो, ठरलेल्या जागी थांबून दुसरा वाजवतो आणि लगेच पुढच्या गावाकडे निघतो. एका रात्रीत जितकी गावे गाठता येतील तितकी गाठायची, अशी धावपळ असते. परीक्षक बंद कॅराव्हॅनमध्ये बसलेला असतो, म्हणजे समोर कोणता बँड आहे हे त्याला दिसतच नाही आणि गुण केवळ कानावर दिले जातात. आपल्या भजन स्पर्धांमध्ये परीक्षक समोर बसतात, आणि टाळकऱ्यांची पावली व एकसारखा पोशाख यांचाही त्यांच्या मनावर थोडाफार परिणाम होतच असणार. एखाद्या वर्षी खानापूर तालुक्यात पडद्याआडचा परीक्षक ठेवून पाहायला हरकत नाही; पावलीचे गुण हवेच असतील तर ते देण्यासाठी दुसरा परीक्षक पडद्याबाहेर बसवता येईल.