आटवलेल्या लोकरीची पिशवी

लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात गेला तर घरात बोलणी बसतात. फेल्टची, म्हणजे विणलेली लोकर आटवून केलेल्या घट्ट कापडाची, पिशवी करताना तोच उद्योग मुद्दाम करायचा.

खरी गोची लोकर घेतानाच होते. दुकानात लोकर म्हणून जे हातात पडतं ते बहुतेकदा ॲक्रिलिक. ते आटत नाही. धाग्याचं टोक जाळून बघावं. केस जळल्यासारखा वास येऊन चुरगळणारी राख झाली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. लेबलावर ‘सुपरवॉश’ असेल तर अस्सल लोकरही बाद, कारण तिच्या तंतूंवरचे खवले आधीच निकामी केलेले असतात. हे खवले गरम साबणपाण्यात उघडून एकमेकांत अडकतात, तेव्हाच फेल्ट होतं. तंतूंना हलायला जागा हवी, म्हणून एरवी ४.५ मिमीची सुई लागणाऱ्या लोकरीला ६.५ मिमीची घ्यायची. १० सेंमीत १४ टाके, म्हणजे विण चांगली भोंगळ.

अडीचशे ग्रॅम लोकर पुरते. ५६ टाके घालून ४० ओळी नुसत्या सुलट विणल्या की तळ झाला. मग गोल सुईवर चारही कडांचे टाके उचलायचे (५६, २०, ५६, २०) आणि ४२ सेंमीपर्यंत गोल सुलट विणत जायचं. ध्यान दिसतं अगदी! पण आटताना उंची साधारण एक तृतीयांश जाते, रुंदी पाव हिस्सा. नेमकी किती, ते लोकरीगणिक बदलतं. २० सेंमीचा चौकोन आधी आटवून बघण्याचा कंटाळा करू नये. तोंडाची कड पसरते, म्हणून तिथे सुती दोरा सैलसर ओवून ठेवावा.

उशीच्या अभ्र्यात पिशवी बांधून, जुन्या जीन्ससोबत ६० अंशाच्या पाण्यात मशीनला लावायची. साबण चमचाभरच, फेस जास्त झाला की घर्षण कमी होतं. दर पाच मिनिटांनी काढून बघायची. इथे भिजत घोंगडं ठेवून फोनवर बसलात तर पिशवीचा बटवा होतो, आणि तो परत सैल होत नाही. टाके दिसेनासे झाले की थांबावं. पिळायचं नाही, स्पिनही नको. पडलेली घडी कायमची राहते. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि मापाच्या खोक्यावर ओढून सावलीत वाळू द्यायचं. दोन-तीन दिवस लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त.

बंदांसाठी भोकं सरळ कात्रीने पाडावीत. नीट आटलेलं कापड उसवत नाही. उसवलं तर अजून एक फेरी बाकी आहे.