कोरी कार्डं

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी कामावरून सुटले की मी थेट आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाते. पुस्तकं बदलायला नाही, शिकवायला. कॅलिफोर्नियात येऊन मला बरीच वर्षं झाली, पण इथल्या माणसांशी खरी ओळख त्या मागच्या खोलीतल्या टेबलावरच झाली असं मला वाटतं.

माझ्यासमोर बसणारे गृहस्थ पंचावन्नच्या पुढचे. घरं रंगवायचं काम करतात. जन्म इथलाच, शाळाही इथलीच, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नाही. आणि त्यांना धड वाचता येत नाही. फोनवर हे सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "अगं, पण इंग्रजी बोलतात ना ते?" बोलतात की, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने.

हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतले १६ ते ६५ वयाचे २८ टक्के लोक वाचनाच्या पहिल्या पायरीवर किंवा तिच्याही खाली आढळले. त्यातल्या अनेकांना छोटी वाक्यं जमतात, पण लांबलचक कागदातून हवं ते शोधायचं म्हटलं की अडतं. मग "चष्मा घरी राहिला", "फॉर्म घरी नेऊन भरतो" असं म्हणत दिवस काढायचे. वर्षानुवर्षं. त्यामुळे आमच्याकडे एक नियम कटाक्षाने पाळला जातो: शिकणाऱ्याच्या घरी फोन केला आणि दुसऱ्या कोणी उचलला, तर कशासाठी केला ते सांगायचं नाही.

कॅलिफोर्नियात वाचनालयांमधून प्रौढांना वाचायला शिकवायचं हे काम १९८४ पासून चालू आहे. फी नाही, परीक्षा नाही. बहुतेक ठिकाणी एक शिकणारा आणि एक स्वयंसेवक अशी जोडी. एकाने एकाला शिकवायची ही रीत त्याहून जुनी. फ्रँक लॉबाख हे अमेरिकन मिशनरी १९३० च्या सुमारास फिलिपिन्समध्ये मारानाव लोकांत काम करत होते. मंदीत पैसे आटले, शिक्षकांना पगार देता येईना, तेव्हा तिथल्या एका सरदाराने फर्मावलं की ज्याला येतं त्याने दुसऱ्याला शिकवायचंच. पुढे अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात रूथ कोल्व्हिन यांनी वर्तमानपत्रात वाचलं की आपल्या भागात अकरा हजारांवर प्रौढांना वाचता येत नाही. त्या शिक्षिकाही नव्हत्या. १९६२ मध्ये त्यांनी घराच्या तळघरातून काम सुरू केलं आणि त्यातून देशभर पसरलेली संस्था उभी राहिली. २०२४ मध्ये, १०७ व्या वर्षी त्या गेल्या.

आम्ही धडा पहिला, धडा दुसरा असं शिकवत नाही. आधी विचारायचं, तुम्हाला काय वाचायचंय? मला वाटलं होतं, ते कामाचे कागद म्हणतील. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "बायकोच्या वाढदिवसाचं कार्ड." दुकानात ते नेहमी आत काही न छापलेलं, कोरं कार्ड घेतात. चित्रावरून निवडलेलं छापील कार्ड भलत्याच प्रसंगाचं निघालं तर? कोऱ्या कार्डात तो धोका नाही. खाली फक्त सही. लग्नाला तीस वर्षं झाली, तिच्याकडे सगळी कोरी कार्डं.

सुरुवात त्यांच्याच बोलण्यापासून केली. भिंत कशी तयार करता, मी विचारलं. ते सांगत गेले आणि मी शब्द न बदलता लिहीत गेले: जुना रंग खरवडायचा, भेगा भरायच्या, मग प्रायमर. कागद त्यांच्यापुढे सरकवला. वाक्य त्यांचंच, त्यामुळे पुढे काय येणार ते ठाऊक. बोट शब्दाखाली सरकत राहिलं. 'प्रायमर' क्षणात वाचला. रोज डब्यावर पाहत होते, तो हाच शब्द हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुन्हा एकदा वाचला, मग खिशातून पेन्सिल काढून त्याखाली रेघ मारली.

अडतं ते इंग्रजीच्या स्पेलिंगपाशी. देवनागरीत जे लिहिलं ते वाचायचं, ही केवढी सोय आहे हे मला इथे येऊन समजलं. 'नाइफ'च्या आधी 'के' कशाला, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूर्वी तो उच्चारला जायचा, एवढंच सांगता आलं. त्यांनी मान डोलावली. शाळेत असताना हे कोणी सांगितलं असतं तर आपण ढ आहोत असं वाटलं नसतं, म्हणाले. मला पुढे काही बोलवेना.

गेल्या गुरुवारी ते दुकानातून तीन छापील कार्डं घेऊन आले. पहिलं वाचायला दहा मिनिटं लागली. 'थ्रू'पाशी अडखळले, मी थांबले, त्यांनीच सोडवलं. दुसरंही पार पडलं. मग पहिलं परत हातात घेतलं, ओठ हलवत पुन्हा वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"हे नको," म्हणाले. "फार गोडगोड आहे. तिला असलं आवडत नाही."

आणि तिसरं उघडलं.